भूमिकेने ब्रेटला गिळले, ही कथा मला मान्य नाही

ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या मालिकेत शेरलॉक होम्स साकारणाऱ्या जेरेमी ब्रेट या इंग्लिश नटाविषयीचा कोणताही लेख वाचायला घेतला, की एक विधान हमखास समोर येते: शेरलॉक होम्सने त्याला गिळून टाकले. भूमिका अंगात भिनली, मग डोक्यात शिरली आणि शेवटी नटच संपला, अशी ही कथा. ती ऐकायला आकर्षक आहे यात वाद नाही. परंतु ती एका आजारी माणसावर अन्याय करते आणि त्याच्या कसबावर तर त्याहून मोठा अन्याय करते.

आधी आजाराचे पाहू. ब्रेटला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाचे नैराश्य यांत हेलकावणारा मनोविकार, होता. 1985 च्या जुलैमध्ये त्याची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली आणि पुढच्या वर्षी तो पूर्णपणे कोसळून रुग्णालयात दाखल झाला. उपचारासाठी सुरू झालेल्या लिथियम या औषधामुळे अंगात पाणी साचू लागले, वजन वाढले. त्यातच पौगंडावस्थेत झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने त्याचे हृदय आधीच कमकुवत करून ठेवले होते. 12 सप्टेंबर 1995 रोजी, वयाच्या 61 व्या वर्षी, हृदय निकामी होऊन तो गेला. यात बेकर स्ट्रीटवरच्या एका काल्पनिक गुप्तहेराचा दोष कुठे आहे? होम्सने आपल्याला झपाटले आहे असे तो स्वतः मुलाखतींत सुचवत असे, हे खरे. पण नटाने आपल्या कामाविषयी वापरलेली भाषा म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे.

आता कसब. होम्स हाती आला तेव्हा ब्रेट पन्नाशीला टेकला होता आणि त्यामागे जवळपास तीस वर्षांची रंगभूमी होती. बर्क्सवेल या वॉरिकशायरमधल्या गावी 1933 मध्ये जन्मलेल्या या मुलाचे खरे आडनाव हगिन्स. सैन्यात अधिकारी असलेल्या वडिलांना नाटकवाल्यांच्या यादीत घराण्याचे नाव नको होते, म्हणून त्याने ब्रेट हे नाव घेतले, तेही म्हणे एका कोटावरच्या शिंप्याच्या लेबलावरून. लहानपणी त्याला ‘र’ नीट उच्चारता येत नसे. शस्त्रक्रियेने तो दोष गेला, तरी उच्चारांचा सराव त्याने आयुष्यभर सोडला नाही. होम्सच्या तोंडी जे धारदार, तुटक आणि मध्येच लांबवलेले शब्द आपण ऐकतो, त्यांच्या मुळाशी झपाटलेपण नाही, हा रियाज आहे.

1954 मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरपासून सुरुवात, नंतर लंडनचे ओल्ड विक थिएटर, 1961 मध्ये हॅम्लेट आणि साठच्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये कामे. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ऑलिव्हिए शायलॉक असताना बसानिओ ब्रेटने केला होता. ‘माय फेअर लेडी’ या 1964 च्या चित्रपटातला फ्रेडीही तोच (ज्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ लिहिले, त्याच नाटकावर बेतलेला हा चित्रपट), मात्र पडद्यावर त्याच्या तोंडी आहे तो आवाज दुसऱ्या गायकाचा. आणि 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर चार्ल्टन हेस्टन होम्स असताना ब्रेट चक्क वॉटसन, म्हणजे होम्सचा डॉक्टर मित्र, होता! वॉटसनच्या जागेवरून होम्सकडे पाहण्याचा हा अनुभव त्याला पुढे फार उपयोगी पडला असावा, असे मला वाटते.

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका 24 एप्रिल 1984 रोजी सुरू झाली. होम्सचा निर्माता कॉनन डॉयल याच्या साठ कथा-कादंबऱ्यांच्या आधारे 1994 पर्यंत 41 भाग झाले. या काळात ब्रेट मूळ कथांची प्रत जवळ बाळगून असे आणि पटकथा विनाकारण भरकटली की वाद घालत असे. होम्सच्या कथा ज्यात छापून येत त्या ‘स्ट्रँड’ मासिकातली सिडनी पॅजेट यांची चित्रे पाहून मग मालिका पाहावी; खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला होम्स, बोटांची टोके जुळवून डोळे मिटलेला होम्स, ही सगळी चित्रे त्याने देहाने पुन्हा काढली आहेत. त्यात त्याने स्वतःची भर घातली ती अचानक उमटून विझणाऱ्या हास्याची आणि बेभान हालचालींची. काहींना हे अतिनाटकी वाटते. मला वाटते, रंगभूमीवरचा हावभाव कॅमेऱ्यासमोर किती ठेवायचा याचे भान त्याला होते, फक्त त्याची मर्यादा इतरांपेक्षा थोडी वरच्या पट्टीत होती.

वॉटसनचे काम आधी डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी केले, आणि जुन्या चित्रपटांतला विनोदी वॉटसन इथे एक शहाणा डॉक्टर झाला. हार्डविकबरोबरच ब्रेटने 1988 मध्ये लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात होम्स-वॉटसनचे दोनपात्री नाटकही केले. भूमिकेने गिळलेला माणूस तीच भूमिका रात्रीमागून रात्री रंगमंचावर शिस्तीने उभी करू शकेल का?

शेवटच्या वर्षांतले भाग असमान आहेत, हे मान्य केले पाहिजे. 1992-93 मधले दोन-दोन तासांचे काही भाग मूळ कथेला इतके ताणतात की कंटाळा येतो. ‘मॅझरिन स्टोन’मध्ये तर ब्रेट आजारी पडल्याने चार्ल्स ग्रे यांच्या मायक्रॉफ्टला, म्हणजे होम्सच्या थोरल्या भावाला, तपास उरकावा लागला. पण त्याच 1994 च्या मालिकेतला ‘डाइंग डिटेक्टिव्ह’ जरूर पाहा. त्यात होम्स मरणासन्न असल्याचे सोंग घेतो. ब्रेटचा सुजलेला चेहरा आणि जड श्वास खरे आहेत, तरीही होम्सचे सोंग आणि नटाचे दुखणे या दोन गोष्टी त्याने कुठेही एकमेकींत मिसळू दिलेल्या नाहीत. मारेकरी कबुली देतो आणि त्या क्षणी होम्सचा आवाज पुन्हा कडक होतो. ‘गिळून टाकले’वाल्यांनी तेवढे एक दृश्य दोनदा पाहावे आणि मग माझ्याशी वाद घालावा.