पाखाडीला काँक्रीट कसं घालून घ्यावं

घराकडे जाणारी पाखाडी, म्हणजे चढउताराची पायऱ्यांची वाट, अजून जांभ्याच्या चिऱ्यांची असेल आणि आजोबांच्या वरातीपासून तिची एक पायरी हलली नसेल, तर तुमच्या आळीकडे कोणाचं लक्ष नाही हे उघड आहे. शेजारच्या प्रभागात दोनदा काँक्रीट झालं, तुमच्याकडे एकदाही नाही. एवढा अन्याय सोसून मालमत्ता कर भरत राहणं बरं नव्हे.

आधी जांभ्याचा दोष समजून घ्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर हवा लागली की कठीण होत जातो. अंगभर भोकं, त्यामुळे पाणी वर साचत नाही आणि अनवाणी पायालाही पकड मिळते. एखादा चिरा हललाच तर गवंडी अर्ध्या दिवसात तो काढतो, खालची माती-खडी दाबतो आणि परत बसवतो. या सगळ्यात ना अंदाजपत्रक, ना निविदा, ना नारळ. अशा वस्तूवर लोकशाही चालायची कशी?

म्हणून अर्जात ‘दुरुस्ती’ हा शब्द चुकूनही लिहू नका. दुरुस्तीला निधी मिळत नाही, मिळाला तरी त्याचा फलक लागत नाही. ‘काँक्रिटीकरण व सुशोभीकरण करणे’ असं लिहा. सुशोभीकरण म्हणजे काय हे अर्जदाराने सांगायचं नसतं. शेवटी दोन बाजूंना पिवळा-काळा रंग मारून मिळतो.

खरी कसोटी कामाच्या नावात आहे. ‘प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत पाखाडी बांधणे.’ कोकणातलं निम्मं राजकारण या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’मध्ये मावतं. ‘पर्यंत’मध्ये ज्याचं नाव आलं त्याच्या उंबऱ्यापाशी काँक्रीट थांबतं, आणि त्याच्यापुढच्या तीन घरांनी पुढची पाच वर्षं दुसऱ्या पक्षाचं काम करायचं असतं. एकदा सरकारी कागदावर चढलेलं नाव मग उतरत नाही. माणूस गेला, घर पुण्याच्या कोणी विकत घेऊन तिथे होमस्टे काढला, तरी काम त्याच कैलासवासीयांच्या घरापर्यंत होत राहतं.

यानंतर जमिनीची संमती. पाखाडी सगळ्यांची असते, तिच्याखालची जमीन मात्र कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते आणि त्या सातबाऱ्यावर वीस-बावीस सहहिस्सेदार असतात. त्यातले तिघे गेलेले, एक बडोद्याला, बाकीचे मुंबईला. संमतीपत्राला शंभराचा स्टॅम्पपेपर चालायचा तो २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५०० चा झाला, तेव्हा मसुदा एकदाच नीट करा. गणपतीत सगळे चाकरमानी एका घरात सापडतात म्हणून लगेच सह्या मागायला जाऊ नका. आरतीनंतर जमिनीचा विषय निघाला की पाखाडी बाजूला राहते आणि आजोबांनी लावलेला हापूस कोणाचा, यावर विसर्जनापर्यंत अबोला टिकतो. परतीची गाडी सुटायच्या तासभर आधी गाठा. तेव्हा माणूस कशावरही सही करतो.

निधी कुठल्या शीर्षाखाली येतो याची चौकशी करू नका. येतो. तो नेहमी फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करायचा असतो, एवढं पुरे.

भूमिपूजनाला तीन गोष्टी लागतात: नारळ, नवी कोरी कुदळ आणि फलक. नारळ फोडायला पक्का दगड लागतो, त्यासाठी जुनी पाखाडी तोवर उखडू नये. फलकावर नावं किती आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवायला पाखाडी बांधण्यापेक्षा जास्त दिवस जातात. आचारसंहितेचा वास आला तर आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या. एकदा ती लागली की नव्या कामाचा नारळ फोडता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांआधी सुमारे चार वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होता, तेव्हाही बॅनरांचं काही अडलं नाही. अर्ध्यांच्या नावामागे ‘माजी’ होतं, उरलेल्यांच्या ‘भावी’.

आता प्रत्यक्ष काम. एम-२० दर्जाच्या साध्या मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण दोन बादल्यांचा माल घट्ट असतो, तो थापीने ठोकून बसवावा लागतो आणि उतारावर उन्हात हे कोण करणार? तिसरी बादली ओता. माल आपोआप पसरतो, वर दुधासारखी साय येते आणि पाहणीला आलेल्या साहेबांना पृष्ठभाग एकदम गुळगुळीत दिसतो. ही साय पहिल्याच पावसाळ्यात सुटते, खालची खडी वर डोकावते आणि जादा पाण्याने ठेवलेल्या भोकांतून काँक्रीट पाणी पिऊ लागतं. म्हणजे जांभ्याचा एक गुण तरी आला म्हणायचा! वाळू खाडीची, न धुतलेली असेल तर तिच्यातलं मीठ आतलं लोखंड खातं. ही काळजी मात्र अनाठायी आहे. लोखंड असतं कुठे?

पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी ठेवायचा आग्रह धरू नका. साधारण १५ सेंटिमीटर चढ आणि ३० सेंटिमीटर रुंदी हे पुस्तकात ठीक. पाय दोन पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि तिसरी त्याच हिशेबाने टाकतो. ती चार बोटं कमी-जास्त असली की माणूस पडतो. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पायरी हमखास वेगळी निघते, कारण मोजणी मधूनच सुरू झालेली असते. आळीतल्यांना ती महिन्याभरात कळते. पाहुण्यांना सांगावी लागते.

क्युरिंगचं म्हणाल तर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. गोणपाट टाकून दिवसातून तीन-चारदा पाणी मारायचं. काम मार्चअखेरीस होतं आणि नळाला तेव्हा दिवसाआड पाणी सुरू झालेलं असतं. पाखाडीला पाजायचं की माणसांना, हा प्रश्न सुज्ञ नागरिक स्वतःच सोडवतो. दुपारी काकी भांडी विसळून ते पाणी दारातल्या पायरीवर ओततात. तेवढी एक पायरी पुढे दहा वर्षं टिकते, आणि ठेकेदार सगळ्यांना तीच दाखवतो.

ओल्या काँक्रीटवर आडवा खराटा ओढला तर बारीक रेघा उठतात आणि पावसात पाय घसरत नाही. याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे अंदाजपत्रकात ही बाब नसते. आर्द्रा लागेपर्यंत फणसाच्या सावलीतल्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ चढतं. तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून घासा, नाहीतर झावळ्या अंथरा. दोष दायित्व कालावधीचा, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीचा, कागद घेऊन नगरपालिकेत जाऊ नका. शेवाळ हा दोष नाही, निसर्ग आहे.

पाण्याचंही तसंच. पूर्वी ते चिऱ्यांच्या सांध्यांतून आणि कडेच्या चरातून जिरत उतरायचं. आता चर काँक्रीटखाली गेला आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पाखाडीवरून थेट तळच्या घराच्या खळ्यात येतो. त्या घरवाल्यांनी खचून जाऊ नये. ‘गटार बांधणे’ हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचा अर्ज जुलैतच केला तर फेब्रुवारीला उपयोगी पडतो. नळाची नवी लाइन अर्थात त्यानंतर, दोन्ही फोडून.

काहींना माहितीचा अधिकार आठवतो. दहा रुपयांचं तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर वीस रुपयांत पहिलं अपील. मागायचीच तर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा आणि टेप घेऊन जाडी पडताळा. फक्त त्याआधी शिमग्याच्या पालखीच्या जेवणाची वर्गणी यंदा कोणी दिली आणि मंडळाचा मंडप कोणाच्या पाइपांवर उभा राहतो, हे आठवून पाहा. बहुतेकांचा अर्ज १५० शब्दांपर्यंत पोचत नाही.

एक गोष्ट मात्र उखडतानाच विचारा: जुने चिरे कुठे जाणार? ते टेम्पोने वरच्या होमस्टेवर जातात. तिथे वास्तुविशारद ते निगुतीने, सांधे मोकळे ठेवून बसवून घेतो आणि शेजारी ‘पारंपरिक कोकणी पाखाडी’ अशी पाटी लावतो. पर्यटक तिथे अनवाणी उभे राहून फोटो काढतात. तुम्ही खालून जाताना भिंतीला हात धरून, आडवे, एकेक पायरी उतरा. शेवटची चार बोटं जास्त आहे.