'पाच कमांड टाका, नेट सुसाट' म्हणे!

खानापुरात आमच्या दाजींचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. परवा ऐन गर्दीच्या वेळी त्यांचा फोन आला. "प्रिंटच येईना झालीय बघ. आणि मी तर कशाला हातसुद्धा लावलेला नाही." खोदून विचारल्यावर कळलं, हात चांगला कोपरापर्यंत घातला होता. बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "विंडोज तुमचं २० टक्के नेट दाबून ठेवतं. खालच्या पाच कमांड रोज रात्री 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवा, स्पीड दुप्पट!" दाजींनी पाचही इमानदारीने चालवल्या.

प्रिंट अडली ती पहिलीमुळे, 'नेटश इंट आयपी रीसेट'मुळे. दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. प्रिंटर एकाला जोडलेला, दुसरा त्याच्यामार्फत छापतो. त्यासाठी पहिल्याला १९२.१६८.१.५० हा कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा नंबर) हाताने दिलेला होता. ही कमांड टीसीपी-आयपीच्या, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या, सगळ्या सेटिंग पुसून कोऱ्या करते. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला, राउटरने त्याला भलताच पत्ता दिला आणि दुसरा बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसला. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' मारलं, 'डीएचसीपी एनेबल्ड'पुढे 'येस' दिसलं, म्हणजे पत्ता आता राउटर वाटतोय, आणि रोग सापडला. सेटिंग खरंच बिघडल्या असतील तर ही कमांड कामाची आहे. पण ती कधीतरी वापरायची, रोज रात्री नव्हे.

खरा संताप दुसरीचा आहे. 'नेटश ॲडव्हफायरवॉल सेट ऑलप्रोफाइल्स स्टेट ऑफ'. म्हणजे फायरवॉल बंद, घरच्या नेटवर्कवर बंद, बाहेरच्यावर बंद, सगळीकडे बंद. मेसेजवाला म्हणतो, "फायरवॉल डेटा तपासत बसतो म्हणून नेट स्लो." अहो, फायरवॉलचं मुख्य काम बाहेरून न बोलावता येणाऱ्यांना दारातच अडवणं. तुम्ही स्वतः मागवलेलं पान त्याच्यामुळे रेंगाळतंय हे तुम्हाला कधी जाणवणारही नाही. आणि दुकानाचा कॉम्प्युटर म्हणजे काय ठेवा आहे बघा: निम्म्या गावाचे आधारचे स्कॅन, बँकेची पासबुकं, जमिनीचे आरटीसी उतारे, पोरांची मार्कशीट. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या भोकातून, ४४५ नंबरच्या पोर्टवरून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता; ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या, त्यात ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलंही आली. "आपण राउटरच्या मागे आहोत, बाहेरचा कोण येतोय?" हे थोडंफार खरं. पण वायफायचा पासवर्ड तुम्ही गिऱ्हाइकांना वाटलाय ना? त्यातल्या एखाद्याचा लॅपटॉप आधीच सडका असला तर तो राउटरच्या आतच बसलाय. ज्यांनी ही कमांड चालवली असेल त्यांनी आत्ताच्या आत्ता तीच ओळ शेवटच्या 'ऑफ'च्या जागी 'ऑन' घालून पुन्हा चालवा. बाकीचं नंतर वाचा.

आता ते २० टक्के. ही अफवा विंडोज एक्सपीच्या जमान्यातली आहे आणि तिचा निकाल मायक्रोसॉफ्टने तेव्हाच लावला होता: एखाद्या प्रोग्रॅमने खास प्राधान्य मागितलं नसेल तर १०० टक्के बँडविड्थ सगळ्यांनाच मोकळी असते. मागितलं तरी तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष डेटा पाठवत नसेल तेव्हा ती राखीव जागाही इतरांना वापरता येते. २० टक्के ही अशा राखणीची कमाल मर्यादा आहे, कापून घेतलेला वाटा नाही. तिसरी कमांड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, तिथे शून्य घालते; त्याने फक्त शून्य दिसतं. तरी दरवर्षी कुणीतरी नवा शहाणा हे उकरून काढतोच.

'पिंग'चा, म्हणजे पलीकडच्या मशीनला 'आहेस का?' विचारणाऱ्या कमांडचा, प्रकार तर हसावं की रडावं असा. "लाइन झोपू नये म्हणून रात्रभर ८.८.८.८ ला ६५५०० साइझचा पिंग चालू ठेवा." ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर, आणि लाइन झोपत नसते हो! एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे ६५५०० चे चाळीसेक तुकडे होतात आणि त्यातला एक हरवला तरी सगळं वाया. एवढ्या मोठ्या पिंगला पलीकडचे बरेच सर्व्हर उत्तरही देत नाहीत. मग स्क्रीनभर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' बघून माणूस घाबरतो की नेट गेलं.

राहिलं 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस'. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था. इथे मात्र कबूल करावं लागतं, निम्मं खरं आहे. बाकी सगळं उघडतंय आणि एखादीच साइट अडलीय, असं असेल तर तिचा जुना पत्ता कॉम्प्युटरच्या लक्षात राहिलेला असू शकतो आणि फ्लशने काम होतं. स्पीड मात्र वाढत नाही. उलट लक्षात ठेवलेले पत्ते पुसले की प्रत्येक साइटचा पत्ता पहिल्यांदा नव्याने विचारावा लागतो.

नेट अडलं तर साधा पिंग, तोही क्रमाने मारा. आधी राउटरला, बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१. तिथूनच उत्तर नसेल तर घोळ तुमच्या वायरीत किंवा वायफायमध्ये. तुमच्या कॉम्प्युटरचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बोलतोय पण ८.८.८.८ बोलत नाही, तर अडचण बहुधा राउटरच्या पुढे. ८.८.८.८ बोलतंय पण साइटचं नाव सापडत नाही, तर डीएनएस. खानापूरच्या पावसात झाड पडून फायबर तुटली आणि फायबरच्या डब्यावर लाल लाइट लागली, तर जगातली कुठलीही कमांड ती जोडणार नाही. केबलवाल्याला फोन लावा आणि कुठला पिंग चालला, कुठला अडला ते सांगा. नुसतं "नेट चालेना" म्हणालात तर तो राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल.