पाच शिखरं, चार खिंडी

परवा एका दिवसात पाच शिखरं करायच्या ट्रेकचे फोटो टाकले आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, "चारच? पाच होती ना?" होती की. पाचवं आम्ही सोडलं. त्याबद्दलच लिहायचंय, जरा लांबेल.

एका दिवसात सलग चार-पाच माथे करायचे, हा प्रकार मला स्वतःला भयंकर आवडतो. धारेवरून चालताना मागे वळावं, तर सकाळी ज्या माथ्यावर धापा टाकत उभे होतो तो निळसर होऊन लांब गेलेला असतो. आपण एवढं चाललो? हा प्रश्न एकच शिखर चढून त्याच वाटेने परत येताना पडत नाही. तेव्हा माझं भांडण चालण्याशी नाही, आकड्याशी आहे. "एका दिवसात पाच शिखरं" हे जाहिरातीत झकास दिसतं, पण चालणाऱ्याला त्यातून कामाचं काही कळत नाही. पायांना शिखरं कळत नाहीत, खिंडी कळतात.

आमच्या ग्रुपवर आलेल्या निरोपात लिहिलं होतं: अंतर 22 किलोमीटर, चढाई 800 मीटर. हे 800 आले कुठून? सुरुवात 600 मीटरवर, सगळ्यात उंच माथा 1,400 वर. केली वजाबाकी, झालं काम. पण पहिल्या माथ्यावर 1,200 पर्यंत चढायचं, मग 950 च्या खिंडीत उतरायचं, पुन्हा 1,300, पुन्हा 1,050, असं करत करत पाचव्या माथ्यापर्यंत चढाचीच बेरीज 1,750 मीटर होते. जाहीर केलेल्याच्या दुपटीहून जास्त! मी ही बेरीज केली, पण आदल्या रात्री, सॅक भरून झाल्यावर, नकाशातल्या समोच्च रेषांवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, बोट ठेवून. तेव्हाच ग्रुपवर बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता लिहिते आहे त्यात थोडा तोही अपराधीपणा आहे.

गंमत म्हणजे डोंगरातला वेळ काढायचं जे सूत्र जगभर वापरतात, ते अशाच एका दिवसातून आलंय. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक 1892 मध्ये एका दिवसात क्रूआख आर्ड्रन, स्टॉब बिनयन आणि बेन मोर हे तीन डोंगर करून आला. त्याने नोंद केली: अंतर 10 मैल, एकूण चढ 6,300 फूट, वेळ साडेसहा तास, छोट्या थांब्यांसह. आणि सोबत हिशेब दिला: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर 2,000 फूट चढाला आणखी एक तास. करून बघा, उत्तर साडेसहाच्या आसपासच येतं. आता यातली मेख बघा. त्या तिघांतला सगळ्यात उंच बेन मोर, तो समुद्रसपाटीपासून 1,174 मीटर. आणि त्या दिवसाचा चढ 1,900 मीटरच्या वर! म्हणजे सगळ्यात उंच माथ्याच्या उंचीपेक्षाही जास्त चढ. हा जादा चढ आला खिंडींतून. नेस्मिथने एकूण चढ मोजला म्हणून त्याचं गणित जुळलं. त्याने "तीन शिखरं" एवढंच लिहून ठेवलं असतं, तर ती नोंद आज कुणाच्या कामाला आली नसती.

आमचं गणित त्याच सूत्राने सव्वासात-साडेसात तासांच्या आसपास येत होतं. पण तो काटक माणूस, आणि आम्ही बारा जण. बारा जणांत कुणाच्या तरी बुटाची नाडी सुटते, कुणाला तरी फोटो काढायचा असतो, आणि पुढचा थांबला की मागचा बसतो. शिवाय हे सूत्र उताराचा वेळ वेगळा धरत नाही. एरिक लँगम्यूर या ब्रिटिश गिर्यारोहकाने पुढे त्यात दुरुस्ती सुचवली: सौम्य उतार असेल तर दर 300 मीटरला दहा मिनिटं वजा करा, तीव्र असेल तर दहा मिनिटं वाढवा. खिंडीत उतरणाऱ्या वाटा सौम्य असतात का? आमची तिसरी होती तशी नसतात, एवढं खात्रीने सांगते.

त्या तिसऱ्या खिंडीत उतरताना घसारा होता. सुट्या खड्यांवर पाऊल टेकलं की ते वीतभर खाली जायचं आणि मगच थांबायचं. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, चढाला सगळ्यांच्या पुढे पळणारा, तिथे मागे पडला. खिंडीत पोचला तो सरळ दगडावर बसला. त्याची मांडी गुडघ्याच्या वरच्या बाजूला आपोआप थडथडत होती, पँटच्या कापडावरूनही दिसत होती. त्याने त्यावर हात दाबून ठेवला, तर हातही हलायला लागला. "ताई, दम अजिबात लागला नाहीये, पण पाय ऐकतच नाहीत." बरोबर बोलत होता. चढाला फुप्फुसं आणि हृदय बोंबलतात, ते आपल्याला ऐकू येतं. उताराला मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती प्रामुख्याने यात. ती आवाज करत नाही. खरं दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. आधी दिसते ती ही थडथड, आणि ठरवलेल्या जागी न पडणारं पाऊल.

त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. टाच मागे नीट बसवून घोट्याशी घट्ट बांधल्या. उतारावर अंगठा पुढे आपटत होता, नख आधीच काळसर झालं होतं. हे पहिल्या खिंडीच्या आधी करायला हवं होतं.

चौथा माथा फसवा निघाला. बाहेर फुगलेल्या उताराला हे असतंच: खालून दिसते ती उताराची कड, माथा तिच्या मागे लपलेला. दोनदा "आलं, आलं" झालं आणि दोनदा पुढे आणखी एक कड. तिसऱ्यांदा कुणीच काही बोललं नाही.

चौथ्या खिंडीत पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. सकाळी सहापासून चालत होतो. अंधार साडेसहाला. पाचवा माथा 250 मीटर वर, त्यानंतर 700 मीटरचा उतार, एकंदर सात किलोमीटर. आमच्या चालीने साडेसात तरी झाले असते, आणि हेडटॉर्च बारा जणांत पाच. याच खिंडीतून मात्र एक सरळ वाट दीड तासात रस्त्याला उतरत होती. त्यानंतर तशी वाट नव्हती. माझ्या मते अशा दिवसाबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट हीच: कोणत्या खिंडीतून बाहेर पडता येतं, आणि तिथे किती वाजेपर्यंत पोचलो तर पुढे जायचं. आमच्या निरोपात यातलं एक अक्षर नव्हतं. पाच शिखरांची नावं होती, प्रत्येकापुढे झेंडा.

खिंडीत वाद झाला, खोटं कशाला बोलू. "एवढंसं तर राहिलंय" म्हणणारे चौघं होते, त्यांत लीडरही. समोर माथा दिसतो तेव्हा तो जवळच वाटतो, त्याच्या पलीकडचा उतार दिसत नाही. मी तो आकडा सांगितला, 700. मग त्या मुलाच्या मांडीकडे बघितलं सगळ्यांनी. उतरलो.

कुणी म्हणेल, मग लोक चोवीस तासांत बेचाळीस माथे कसे करतात? करतात. 1932 मध्ये बॉब ग्रॅहमने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात केले, आणि आजही त्याच बेचाळीस माथ्यांच्या फेरीसाठी लोक घाम गाळतात. पण ती माणसं प्रत्येक टप्प्याची वेळ आधी मांडून ठेवतात. बेचाळीस या आकड्यामागे कागदभर दुसरे आकडे असतात. आमच्या पाचामागे एक चुकलेली वजाबाकी होती.

आज तिसरा दिवस. जिना मी एका बाजूला वळून उतरतेय, कठडा धरून. मघाशी त्या मुलाचा मेसेज आला: "ताई, खुर्चीत बसता येतं, उठता येत नाही. पाचवं कधी?" नकाशा उघडून बसलेय. पाचव्याला मागच्या अंगाने एक लांब सोंड, म्हणजे डोंगराची खालपर्यंत उतरलेली धार, थेट माथ्यापर्यंत जाते. 700 मीटर चढ, मध्ये खिंड एकही नाही.