आतडं नुसतं आवळून पोट साफ होत नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा एकच मेसेज येऊन पडला: ‘मेंदू हुकूम सोडतो, मग न्यूरोपेप्टाइड नावाचं रसायन आतडं आवळतं. ते कमी पडलं की पोट साफ होत नाही. म्हणून न्यूरोपेप्टाइडयुक्त चूर्ण घ्या.’ ग्रुपमधल्या एका काकांनी ते मागवलंसुद्धा, म्हणून लिहितोय.

आधी हुकमाचं. बी.फार्म.ला असताना आम्ही सशाच्या आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ३७ अंशांच्या टायरोड द्रावणात (शरीरातल्या क्षारांसारख्या पाण्यात) दोऱ्याने टांगायचो, खालून हवेचे बुडबुडे सोडायचो. मेंदूशी संबंध तुटलेला, तरी तो तुकडा आपला आपण लयीत हलायचा आणि काजळी धरलेल्या ड्रमवर सुई वरखाली रेघ ओढत राहायची. बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी तर १८९९ मध्येच दाखवलं होतं, की बाहेरच्या नसा तोडल्या तरी कुत्र्याचं आतडं अन्न पुढे ढकलतं. मेंदू वेग कमीजास्त करतो, पण रोजचा कारभार आतड्याच्या भिंतीतलं मज्जाजाळंच बघतं.

खरी गडबड पुढे आहे. न्यूरोपेप्टाइड हे एक रसायन नाहीच, मज्जापेशी सोडतात त्या अनेक रसायनांचं ते गटनाव आहे. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात ‘सबस्टन्स पी’ सापडलं. आवळण्याचा निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवणारं अ‍ॅट्रोपिन दिलेलं असतानाही ते सशाचं आतडं आवळायचं. १९७० मध्ये सईद आणि मुट यांनी डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड) हे दुसरं न्यूरोपेप्टाइड वेगळं काढलं. ते स्नायू सैल सोडतं. घास पुढे सरकायला दोन्ही लागतात: घासाच्या मागे अ‍ॅसिटिलकोलीन आणि सबस्टन्स पी स्नायूपेशीत कॅल्शियम वाढवून आवळतात, पुढे व्हीआयपी आणि नायट्रिक ऑक्साइड वाट मोकळी करतात. हिर्शस्प्रुंग आजारात बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तो भाग सैल पडत नाही, आवळलेलाच राहतो, आणि त्याच्यामागे शौच तुंबतं. शरीरातली एन्केफॅलिनं ही अफूसारखी न्यूरोपेप्टाइडं अ‍ॅसिटिलकोलीनचा स्राव रोखतात. अफूच्या औषधांनी मलावरोध होतो तो एन्केफॅलिनांच्याच रिसेप्टरमुळे (पेशीवर रसायन जिथे चिकटतं त्या जागेमुळे).

चूर्णाबद्दल थोडक्यात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, सबस्टन्स पीची ११ ची. तोंडावाटे घेतलं की पेप्सिन, ट्रिप्सिन ही पाचक द्रव्यं तिचे तुकडे पाडतात.

काकांनी काल पाकीट दाखवलं. मागे बारीक अक्षरात पहिलंच नाव सोनामुखी, म्हणजे जुलाबाची वनस्पती. गुण येतो तो तिचा. काका बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. जोडीला रोज सोनामुखी घेतली तर पोटॅशियम घसरू शकतं, हे संध्यामठासमोर उभं राहूनच त्यांना सांगितलं.