सावोच्या पराभवाचे खापर एकट्या रडारवर नको

दुसऱ्या महायुद्धात, पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांपैकी सावो बेटाजवळ ९ ऑगस्ट १९४२ रोजी जपानी ताफ्याच्या रात्रीच्या हल्ल्यात दोस्त राष्ट्रांनी कॅनबेरा, अॅस्टोरिया, क्विन्सी आणि व्हिन्सेन्स या चार जड क्रूझर गमावल्या, त्याचे जवळजवळ सगळे खापर या लढाईवरच्या लेखात लेखकाने रडारवर फोडले आहे, ते मला पटले नाही. टेहळणीवरच्या ब्लू या विनाशिकेचे रडार फसले हे खरे. परंतु दोस्तांच्या या क्रूझरांचे प्रमुख अॅडमिरल क्रचली ऑस्ट्रेलिया ही आपली क्रूझर घेऊन बैठकीसाठी निघून गेले होते, आणि दक्षिणेकडच्या ताफ्याची सूत्रे ज्यांच्याकडे सोपवली होती त्या शिकागो या क्रूझरच्या कप्तानाने हल्ला सुरू झाल्यावरही उत्तरेकडच्या ताफ्याला सावध केले नाही. उलट जपानी ताफ्याचे प्रमुख मिकावा यांच्या खलाशांना रात्रीच्या लढाईचा कसून सराव होता, त्यांचे टॉर्पेडो लांब पल्ल्याचे होते, आणि विमानांतून सोडलेल्या प्रकाशगोळ्यांमुळे समोरची जहाजे स्पष्ट दिसत होती.

मिकावा मात्र दोस्तांच्या मालवाहू जहाजांना हात न लावताच परतले. उजाडल्यावर विमानवाहू नौकांकडून हल्ला होईल ही त्यांची भीती अनाठायी ठरली, कारण अमेरिकी विमानवाहू नौकांचे प्रमुख फ्लेचर यांनी त्या नौका आधीच मागे घेतल्या होत्या. पण हे मिकावांना कळणार कसे? त्यामुळे लेखात त्यांच्या माघारीसाठी वापरलेला ‘भित्रेपणा’ हा शब्द मला अन्यायकारक वाटतो.