एक वाटी

दुपारी मूर्खासारखी दोन ओळींची पोस्ट टाकली, "मंगळसूत्राच्या केसचा निकाल लागला, चोराला एक वर्षाची शिक्षा झाली." तेव्हापासून फोन थांबत नाहीये. "एवढंच?" "हात तोडा." "भर मांडवीच्या बाजारात फटके द्या." भाच्याने तर खाली पोलिसाच्या काठीचं चित्र डकवलंय. अरे, मंगळसूत्र माझं गेलं, मान माझी सोलवटली. मला बोलू द्याल का जरा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 2024 चं नवरात्र. सकाळी सव्वासातला बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून भाजी आणि देवीसाठी झेंडू घेऊन दांडिया बाजाराकडे परतत होते. मागून बाइक आली, मानेवर दोरीने कापल्यासारखी आग झाली आणि हात आपोआप गळ्याशी गेला. मूठ उघडली तर आत एक वाटी. नुसती एक. खोलगटात सकाळच्या पूजेचं कुंकू तसंच चिकटलेलं. दुसरी वाटी, पोत, काळे मणी, सगळं गेलं. झेंडू रस्ताभर. एक रिक्षावाला ओरडला, "बेन, अछोडातोड छे, पाछळ ना दोडता!" साखळीचोर आहेत, मागे धावू नका. मी कसली धावते. गवार उचलत बसले होते. गवार!

पोलिसांनी दहा दिवसांत पकडले, हे कबूल करते. बाइक चालवणारा सतरा वर्षांचा निघाला, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. मागे बसलेला, ज्याने हात घातला, तो बावीसचा. जामीन राहायला कुणी मिळेना म्हणून अकरा महिने आतच होता. आज कोर्टाने एक वर्ष आणि दोन हजार दंड सांगितला, आत काढलेले अकरा महिने त्यातून वजा. म्हणजे हिशेबाने राहिला एक महिना. त्यावर तुमचा सगळा थयथयाट.

बरं, कायद्याचंही सांगते, कारण या दीड वर्षात वकिलाने डोकं खाल्लंय. आपल्या गुजरातने 2019 मध्ये जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, कलम 379-अ घातलं होतं, अछोडा तोडला तर दहा वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हिसकावण्याला कलम 304, जास्तीत जास्त तीन वर्षं. माझं मंगळसूत्र ऑक्टोबरात गेलं, म्हणून तीनवालं कलम. चार महिने आधी गेलं असतं तर दहावालं. तीच मान, तोच मुलगा. आणि तुम्ही म्हणता न्याय कमी पडला. मला तर तो पंचांग बघून दिल्यासारखा वाटला!

पण माझा राग तिथे नाहीच. माझा राग त्या गाळणाऱ्यावर आहे.

हो, ज्याने माझी पोत वितळवली त्याच्यावर. अकरा ग्रॅमची लगडी त्याच्याकडे सापडली. तेव्हा भाव तोळ्याला 75 हजारांच्या वर होता, त्याने पोराच्या हातावर वीस हजार ठेवले. दीड पावणेदोन तासांत मणी काढून, वाटी गाळून मोकळा. कुंकू लागलेली वाटी हातात घेऊन त्याला कळलं नसेल ही कुणाच्या गळ्यातली? चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर कलम 317, तिथेही तीन वर्षांपर्यंत. आणि ज्याचा तो धंदाच आहे त्याला थेट जन्मठेपेपर्यंत. कागदावर. आमच्या केसमध्ये तो झाला साक्षीदार! इस्त्रीचा शर्ट घालून आला, "आजीचं जुनं सोनं आहे म्हणाला होता" असं सांगितलं आणि जेवायच्या आत घरी. हात तोडणाऱ्यांनो, याचं काय तोडू?

कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला. जुनं कोर्ट न्यायमंदिरात होतं, लहानपणी तिथून जाताना बाबा आवाज खाली करायचे. इथे लिफ्टसाठी भांडणं. तीन तारखा फुकट गेल्या, चौथीला माझी उलटतपासणी. त्या पोराचा वकील म्हणाला, एक वाटी तुमच्याच हातात राहिली ना बेन, मग मंगळसूत्र तुटून पडलं असेल, हिसकावलं कशावरून? मी म्हटलं, दुसरी गेली ना याच्याबरोबर. तेवढ्यात मागून तो पोरगा पुटपुटला, "एक ज आवी'ती." एकच आली होती. वकिलाने असं काही वळून पाहिलं त्याच्याकडे! लेखनिकाने मान खाली घालून हसू दाबलं. जजसाहेबांपर्यंत बहुतेक पोचलंच नाही.

मला मात्र ते ऐकल्यापासून झोप नीट नाही. त्या सकाळी वाटी एकच गेली हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याला.

आता लगेच "मावशी विरघळल्या" म्हणू नका. विरघळले वगैरे काही नाही. आजही मागून बाइक आली की मी दुकानाच्या पायरीवर चढते. तुळशीबागेतल्यासारखी खोटी पोत घालून लग्नांना जाते. त्याने एकदाही माझ्याकडे सरळ पाहिलं नाही, ही खुन्नस आहेच. आणि हो, मी पडले असते, डोकं फुटलं असतं, तर ही पोस्ट दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच भाषेत लिहिली असती. तेही मान्य. पुढे.

आज शिक्षा सांगण्याआधी साहेबांनी त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय? वकिलाने 1958 च्या प्रोबेशनच्या कायद्याखाली, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडा, असं काहीतरी मागितलं, ते फेटाळलं. पोरगा म्हणाला, "कंई नहीं, साहेब." मला कुणी विचारलं नाही. मी पहिल्या बाकावर पर्स घट्ट धरून बसले होते. विचारलं असतं तर दहा वर्षं द्या म्हटलं असतं का? गेल्या वर्षी, नक्की. आज मी म्हटलं असतं, साहेब, त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला परत बोलवा.

लगडी मागच्या वर्षीच ताब्यात मिळाली होती, पण बाँडवर. मोडायची नाही, आकार बदलायचा नाही, मुद्देमाल म्हणून मागतील तेव्हा हजर करायची. कपाटात डबीत ठेवली होती, शेजारी ती एक वाटी. अपिलाची मुदत संपली की दोन्ही घेऊन आमच्या सोनाराकडे जाईन. फोनवर तो म्हणाला, नवी वाटी जुनीहून पिवळी दिसेल ताई, दोन्ही गाळून जोडीच करू का?

नको म्हटलं. एकच कर.

आणि भाच्या, ते काठीचं चित्र आधी काढ.