पॅकार्डच्या डाय स्टॅलिनकडे गेल्या नव्हत्या

"रूझवेल्टने स्टॅलिनला खूश करण्यासाठी पॅकार्ड कंपनीला तिच्या सर्वांत बड्या गाडीच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, द्यायला लावल्या. त्या रशियात गेल्या आणि त्यातून झिस-११० ही क्रेमलिनची गाडी निघाली. इकडे युद्ध संपल्यावर पॅकार्डकडे श्रीमंती गाडीचे साचेच उरले नव्हते. म्हणून हलक्या गाड्या काढाव्या लागल्या, १९४८मध्ये ती फुगलेली बेढब गाडी आली, गिऱ्हाईक कॅडिलॅककडे गेलं आणि अमेरिकेतली सर्वांत मानाची मोटार कंपनी बुडाली."

हा मजकूर थोड्याफार फरकाने मला आजवर दहा जणांनी तरी पाठवला असेल. गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत तो कानांनीही ऐकला. एक गृहस्थ १९४७च्या पॅकार्ड क्लिपरसमोर उभे राहून आपल्या मुलाला हीच गोष्ट सांगत होते, मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. मी त्या वेळी बोललो नाही. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मी सव्वीस वर्षं भोसरीला टूलरूममध्ये डाय बनवण्यात घालवली आहेत. डायबद्दल कुणी काहीही सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, हे मला जमत नाही. शिवाय पॅकार्ड ही माझ्या जिवाची गाडी आहे. ती कशाने गेली हे तरी लोकांना खरं कळावं.

पहिला मुद्दा डाय पाठवल्याचा. यावरच सगळी इमारत उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डाय म्हणजे खोक्यात भरून पाठवायची वस्तू नव्हे. मोटारीच्या एका दरवाजाचा पत्रा निघायला एक डाय पुरत नाही. ओढायची वेगळी, कडा छाटायची वेगळी, दुमडायची वेगळी. मडगार्ड, बॉनेट, छत, डिकी, प्रत्येकाचा असा संच. एकेक डाय कित्येक टनांची, आणि ती पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेससाठी बनते त्या प्रेसच्या टेबलाशी, उंचीशी, खालून पत्रा धरून ठेवणाऱ्या कुशनशी तिची गाठ बांधलेली असते. आमच्याकडे शेजारच्या शेडमधली डाय इकडच्या प्रेसवर चढवायची म्हटली तरी दोन दिवस खाली पत्रे लावून उंची जुळवण्यात जातात. तरीही डाय जहाजातून नेता येतात, ते अशक्य नाही. पण मग त्यातून निघालेला पत्रा मूळ गाडीसारखाच असायला हवा. डाय खोटं बोलत नाही. तिच्यात जो आकार कोरलाय तोच बाहेर पडतो.

आता १९४२ची पॅकार्ड १८०, म्हणजे अफवेतली ती सर्वांत बडी गाडी, आणि झिस-११० यांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. समोरून दोघी बहिणी वाटतात, ते खरंच आहे. उभ्या पट्ट्यांची तीच जाळी, तोच उंच, निमुळता बॉनेट. पण नजर बाजूला न्या. पॅकार्डच्या पुढच्या मडगार्डमध्ये स्टेपनीसाठी खळगा आहे आणि चाक त्यात उभं बसतं. झिसचं मडगार्ड गुळगुळीत आहे. पॅकार्डचे दरवाजे खाली सरळ संपतात. झिसचे दरवाजे खालच्या बाजूला बाहेर झुकतात आणि पाय ठेवायची पायरी पोटात घेऊन बंद होतात. मुख्य पत्रेच वेगळे असताना डाय त्याच कशा असतील?

गंमत अशी की पायरी दरवाजाआड लपवायची ती रीत पॅकार्डमध्येही होती, पण जुन्या १८०मध्ये नव्हे, नव्या क्लिपरमध्ये. रॅलीतल्या त्या गाडीच्या मालकाने मला दरवाजा उघडू दिला. बाहेरून पायरीचा मागमूस नाही, आणि दरवाजा उघडला की रबर लावलेली अरुंद पायरी समोर येते. दाराच्या खालच्या कडेवरून हात फिरवला तर पत्रा बाहेरच्या अंगाला हलकेच वळत जातो. त्या वळणाला काय कसब लागलं असेल ते आमच्या धंद्यातल्या माणसाला बोटांना कळतं. झिसच्या मॉस्कोतल्या कारखान्यात आंद्रेई ओस्त्रोव्त्सेव या डिझायनरच्या हाताखालच्या लोकांनी थोरल्या पॅकार्डचं रूप समोर ठेवलं, त्यावर आपल्या कल्पना चढवल्या आणि गाडी नव्याने आखली. नक्कल केली म्हणा, हरकत नाही. वरून हुकूमच तसा होता, स्टॅलिनला पॅकार्ड आवडायची. पण नक्कल वेगळी आणि उसनी डाय वेगळी.

इंजिनाचंही तेच. दोन्ही गाड्यांना आठ सिलिंडर एका ओळीत. पॅकार्डचा सिलिंडर साडेतीन इंच व्यासाचा आणि त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच. आठ सिलिंडरचे मिळून सुमारे ५,८३० सीसी होतात. झिसचा व्यास ९० मिलिमीटर, स्ट्रोक ११८ मिलिमीटर, म्हणजे ६,००५ सीसी. इंचातलं इंजिन मिलिमीटरमध्ये नव्याने आखलेलं दिसतं. ताकद मात्र उलटी: पॅकार्डची १६५ अश्वशक्ती, झिसची १४०.

आणि झिसच्या डाय कशाच्या होत्या? जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. असली डाय लवकर ओतून होते, स्वस्तात होते, पण लवकर झिजते. थोड्या गाड्या काढायच्या असतील तेव्हाच ती परवडते, आजही नमुन्याच्या पहिल्या तुकडीसाठी आम्ही तशी वापरतो. १९४५पासून १९५८पर्यंत झिस-११० बनल्या त्या दोन हजारांहून थोड्याच जास्त. डेट्रॉइटहून पॅकार्डच्या डाय आल्या असत्या तर ही खटपट करायची गरजच नव्हती.

"पण रशियाला डायशिवाय अशी गाडी जमली कशी?" हा प्रश्न मला एका मित्राने केला. जमत होती. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवरच्या मोहिमांतून रशियाच्या अतिपूर्वेला उतरली. रशियाने ती अडकवून ठेवली, त्यांतलं एक सुटं केलं आणि १९४७मध्ये त्यांची हुबेहूब नक्कल, तू-४, हवेत उडवली. ज्यांनी ते केलं त्यांना एक मोटार अवघड नव्हती, आणि नमुन्याला पॅकार्ड गाड्या क्रेमलिनच्या गॅरेजात युद्धाच्या आधीपासून होत्याच. खुद्द पॅकार्डनेही १९४०मध्ये रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाची ब्रिटिश ड्रॉइंगं घेतली, ती आपल्या यंत्रांना जुळतील अशी पुन्हा काढली आणि युद्धात ५५ हजारांवर इंजिनं बनवली. एका देशातली वस्तू दुसऱ्या देशात बनते ती अशी, पुन्हा आखून.

या अफवेचं मूळ कुठे असेल याचा मी एक अंदाज बांधतो. झिस-११०च्या आधी त्याच कारखान्यात झिस-१०१ बनत असे. तिच्या बॉडीसाठी १९३०च्या दशकात सोव्हिएत सरकारने फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून डाय बनवून घेतल्या होत्या, रीतसर पैसे मोजून. अमेरिकन डाय खरोखर मॉस्कोत गेल्या, पण गाडी वेगळी, कंपनी वेगळी, काळ वेगळा. दोन गोष्टींची सरमिसळ होऊन तिसरी तयार झाली असावी.

दुसरा मुद्दा: "डाय गेल्या म्हणून युद्धानंतर जुनी बडी गाडी बंद पडली." तारखाच याला उत्तर देतात. क्लिपर बाजारात आली एप्रिल १९४१मध्ये, म्हणजे हिटलरने रशियावर चाल करण्याच्या दोन महिने आधी. १९४२ची मॉडेलं १९४१च्या उन्हाळ्याअखेरीस आली, तेव्हाच पॅकार्डने बहुतेक सगळ्या सेडान, अगदी १६० आणि १८० या बड्या गाड्यासुद्धा, क्लिपरच्या रूपात आणल्या होत्या. जुनं अंग उरलं ते उघड्या टपाच्या, लांब चासीच्या आणि खास बांधून घ्यायच्या मोजक्या गाड्यांपुरतं. पर्ल हार्बर झालं डिसेंबर १९४१मध्ये, आणि फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी गाड्यांचं उत्पादनच थांबलं. जुन्या गाडीला निरोप देण्याचा निर्णय पॅकार्डने शांतपणे, स्वतःच्या मनाने घेतला होता. तो योग्यही होता. उंच मडगार्ड आणि बाहेर आलेली पायरी यांचा जमाना सरला होता.

तिसरा मुद्दा, युद्धानंतर पॅकार्डकडे श्रीमंती गाडी नव्हती म्हणे. मी ज्या गाडीचा दरवाजा उघडला ती १९४७ची कस्टम सुपर क्लिपर होती. तिला १८०चंच इंजिन, १६५ अश्वशक्तीचं, क्रँकशाफ्टला नऊ मुख्य बेअरिंगं. मालकाने सुरू करून दाखवलं तेव्हा बॉनेटवर तळहात ठेवूनच ते चालू असल्याचं समजलं. आतल्या छताच्या कापडाच्या शिवणी एरवी आडव्या असतात, या गाडीत त्या पुढून मागे जातात, त्यामुळे आत बसल्यावर गाडी आहे त्याहून लांब भासते. ज्या कारखान्याला शिवणीच्या दिशेचीही फिकीर होती त्याला "हलक्या गाड्या काढणारा" म्हणणं अन्याय आहे. लांब चासीची सात जणांची गाडीही १९४६ आणि १९४७ या दोन वर्षांत मिळत होती. उघड्या टपाची नव्हती, एवढीच उणीव, आणि ती पुढच्या मालिकेत भरून निघाली.

चौथा, १९४८च्या गाडीचा. तिला अमेरिकेत "गाभण हत्तीण" म्हणत, आणि रूपाबद्दल मी भांडणार नाही. क्लिपरच्याच सांगाड्यावर बाजूंनी पत्रा चढवून ती फुगवली होती, वजन सुमारे २०० पौंडांनी वाढलं आणि क्लिपरची सुबक कंबर नाहीशी झाली. मला ते पाहवत नाही. पण तिने कंपनी बुडवली म्हणणं चूक आहे, कारण ती खपली. १९४८ आणि १९४९ मिळून सुमारे दोन लाख पॅकार्ड विकल्या गेल्या, आणि ही कंपनीच्या सर्वांत चांगल्या वर्षांत मोडतात. युद्धकाळात चार वर्षं गाडी न मिळालेला माणूस जी मिळेल ती घेत होता. नुकसान झालं ते वेगळ्याच कारणाने: एवढ्या खपामुळे वरच्या मंडळींना पुढची घाई वाटली नाही.

याच काळात कॅडिलॅक काय करत होती ते पाहा. १९४८मध्ये पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेल्या, शेपटीकडे छोटे पंख असलेली नवी बॉडी. १९४९मध्ये व्हॉल्व्ह वर असलेलं नवं व्ही-८ इंजिन (आठ सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात), १६० अश्वशक्तीचं, जुन्यापेक्षा हलकं आणि पुढे वाढवत नेता येईल असं. १९५०मध्ये कॅडिलॅकने वर्षाला एक लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. पॅकार्डच्या इंजिनिअरांनीही हात बांधून घेतले नव्हते. १९४९मध्ये त्यांनी अल्ट्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतःच्या बळावर उभा केला. कॅडिलॅकसारखा जनरल मोटर्सचा डोंगर पाठीशी नसताना हे करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो. पण पैसा तिकडे गेला आणि व्ही-८ मागे पडलं. पॅकार्डचं पहिलं आधुनिक व्ही-८ आलं १९५५मध्ये, कॅडिलॅकनंतर सहा वर्षांनी. सहा वर्षं सरळ आठ सिलिंडरांवर श्रीमंत गिऱ्हाईक थांबत नाही.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. तो १९३५पासूनचा. मंदीत पिअर्स-ॲरो आणि पीअरलेस ही पॅकार्डच्या तोलाची घराणी संपली. पॅकार्ड तगली ती हजार डॉलरच्या आतल्या १२० या गाडीमुळे. त्या गाडीला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही, तिच्यावाचून गोष्ट १९३०च्या दशकातच संपली असती. चूक पुढे झाली. कॅडिलॅकने आपली स्वस्त गाडी लासाल या वेगळ्या नावाने विकली आणि १९४०नंतर ती बंद केली. पॅकार्डने स्वस्त गाडीलाही पॅकार्डच म्हटलं, आणि युद्ध संपून चांगले दिवस आल्यावरही सोडलं नाही. १९४८मध्ये सव्वादोन हजार डॉलरच्या आसपासची पॅकार्ड आणि पावणेचार हजारांची पॅकार्ड दुरून सारखीच दिसायची. टॅक्सी म्हणूनही पॅकार्ड धावत होत्या. मोलाने जपलेलं नाव असं वाटून टाकलं गेलं, आणि त्यासाठी स्टॅलिनची गरज पडली नाही.

डायचीच गोष्ट सांगायची असेल तर खरी गोष्ट पॅकार्डच्या इतिहासात आहे, पण ती डेट्रॉइटमधली आहे. क्लिपर आल्यापासून पॅकार्डने आपल्या बॉड्या ब्रिग्ज कंपनीकडून करून घ्यायला सुरुवात केली होती. पुढे सगळ्याच बॉड्या तिकडे गेल्या, आणि स्वतःचं बॉडीचं काम पॅकार्डच्या हातात उरलं नाही. तिचे मालक वॉल्टर ब्रिग्ज वारल्यावर १९५३मध्ये ते कारखाने क्रायस्लरने विकत घेतले. प्रतिस्पर्धी कंपनी आपल्या बॉड्या किती दिवस करून देणार? पॅकार्डला कॉनर ॲव्हेन्यूवरची एक इमारत भाड्याने घ्यावी लागली आणि तिथे बॉडी आणि जुळणी दोन्ही कोंबावी लागली. जागा अपुरी होती. १९५५ची गाडी, नवं व्ही-८ आणि टॉर्शन बारचं (स्प्रिंगांऐवजी पीळ घेणाऱ्या दांड्यांचं) अप्रतिम सस्पेन्शन असलेली, त्या दाटीतून कच्ची बाहेर पडली आणि विक्रेत्यांकडे तक्रारींचा ढीग लागला. त्याआधी १९५४मध्ये स्टुडबेकर ही दुसरी मोटार कंपनी गळ्यात बांधून घेतली होती, तिच्या तोट्याचा पुरता हिशेब न पाहता. शेवटची खरी पॅकार्ड कॉनर ॲव्हेन्यूवरून २५ जून १९५६ रोजी बाहेर पडली. त्यानंतर दोन वर्षं जे त्या नावाने विकलं गेलं ते स्टुडबेकरच्या अंगावरचं होतं.